निवृत्त सैनिकाच्या घरातील आजारपण

(भुसावळ येथे माजी सैनिक व त्यांच्या कुटुंबीयांच्या मेळाव्यात झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



सैनिकाविषयी बोलायचे म्हटले की आपल्याकडील वक्ते थेट सीमेवर जाऊन पोहोचतात. सियाचीनची थंडी, कारगिलची शिखरे यांचे वर्णन होते, टाळ्या पडतात आणि सभा संपते. मी आज आपल्याला इतक्या लांब नेणार नाही. रावेर, यावलकडून येणारी एस.टी. जिथे थांबते, त्या आपल्या बसस्थानकापर्यंतच येणार आहे. हातात औषधांची पिशवी आणि प्लॅस्टिकच्या पाकिटात कार्ड घेऊन उतरणारा एखादा निवृत्त नायक किंवा हवालदार तिथे आपण सर्वांनी पाहिलेला आहे. त्याच्या आजारपणाचा खर्च नेमका कोण सोसतो, एवढाच माझा विषय आहे.

भुसावळ हे पेन्शनरांचे गाव आहे. त्यात रेल्वेचा पेन्शनर त्यातल्या त्यात सुखी म्हणायला हरकत नाही. रेल्वेचे विभागीय रुग्णालय गावातच आहे आणि १९९७च्या योजनेने निवृत्तांसाठी त्याचे दार उघडे ठेवले आहे. आयुधनिर्माणीत आयुष्य घालवलेला कामगार सैन्यासाठी राबला, पण कागदोपत्री तो नागरी कर्मचारी. केंद्र सरकारच्या सीजीएचएस योजनेच्या कक्षेबाहेर राहणाऱ्या अशा पेन्शनरांना बाह्यरुग्ण उपचारासाठी २०१७ पासून दरमहा १००० रुपये भत्ता मिळतो. मधुमेह आणि रक्तदाब एकाच घरात नांदत असतील, तर हे हजार रुपये किती तारखेला संपतात ते गृहिणींना विचारावे. तिसरा पेन्शनर म्हणजे प्रत्यक्ष गणवेशातला सैनिक. त्याच्यासाठी स्वतंत्र योजना आहे आणि कागदावर ती तिन्हींत उदार आहे.

ही योजना म्हणजे माजी सैनिक अंशदायी आरोग्य योजना, आपल्या बोलण्यातली ईसीएचएस. तिच्यापूर्वीची स्थिती तरुणांना ठाऊक नसेल. निवृत्त सैनिकाने लष्करी रुग्णालयात जावे, आणि सेवेतील जवानांची सोय होऊन जागा उरली असेल तर उपचार घ्यावेत, असा तो प्रकार होता. आपल्याला जवळचे म्हणावे असे देवळालीचे लष्करी रुग्णालय रेल्वेने सुमारे अडीचशे किलोमीटरवर! अटलजींच्या सरकारने डिसेंबर २००२ मध्ये ही योजना मंजूर केली आणि १ एप्रिल २००३ पासून ती सुरू झाली. आज देशभर तिची चारशेहून अधिक पॉलिक्लिनिक आहेत. निवृत्तीच्या वेळी एकदाच अंशदान भरायचे आणि पती-पत्नीने आयुष्यभर उपचार घ्यायचे, ही तिची कल्पना. शिपायापासून हवालदारापर्यंत हे अंशदान २०१७ च्या अखेरीपासून ३०,००० रुपये आहे. युद्धविधवांना आणि १९९६ पूर्वी निवृत्त झालेल्यांना ते माफ आहे. शिपाई पस्तिशी-चाळिशीत घरी येतो. पुढची चाळीस वर्षे त्याचे आणि त्याच्या पत्नीचे आरोग्य या एका कार्डावर अवलंबून असते, हे लक्षात घेतले तर या योजनेचे मोल कळते. म्हणूनच तिच्यातील गळतीविषयी स्पष्ट बोलले पाहिजे.

ही गळती मुख्यतः दरांची आहे. पॉलिक्लिनिकने रुग्ण ज्या मान्यताप्राप्त खासगी रुग्णालयाकडे पाठवायचा, त्याला सरकार सीजीएचएसच्या दराने पैसे देते. त्यातील बहुतेक दर २०१४ मध्ये ठरले आणि जवळपास अकरा वर्षे तसेच राहिले. मधल्या काळात २०२३ मध्ये खोलीभाडे, अतिदक्षता आणि तपासणी शुल्कात थोडी वाढ झाली, तेवढीच. त्यात बिले थकतात. मग रुग्णालये एकतर यादीतून बाहेर पडतात किंवा ‘खाट रिकामी नाही’ असे गोड शब्दांत सांगतात. ऑक्टोबर २०२५ मध्ये सरकारने हे दर एकदाचे व्यापक प्रमाणावर सुधारले आणि डिसेंबरपासून ते ईसीएचएसलाही लागू झाले. या निर्णयाचे स्वागत आहे. मात्र त्यातही तिसऱ्या श्रेणीच्या शहरांना महानगरांपेक्षा २० टक्के कमी दर आहेत. जळगाव, धुळे, भुसावळ त्याच श्रेणीत येतात. लहान गावात जागा स्वस्त, पगार कमी, असा त्यामागचा हिशेब असावा. पण अँजिओप्लास्टीचा स्टेंट भुसावळला स्वस्त मिळत नाही, आणि हृदयरोगतज्ज्ञाला जळगावात आणायचे तर त्याला पुण्यापेक्षा कमी देऊन तो येत नाही! दर कमी म्हणून रुग्णालय नाही, आणि रुग्णालय नाही म्हणून रुग्ण नाशिक-पुण्याला. गाडीभाडे, सोबतच्या माणसाचे जेवण, धर्मशाळा किंवा लॉज, शेतात बुडालेली मजुरी यांची परतफेड कोणत्या तक्त्यात होते?

तरतूद वाढत नाही असेही नाही. केंद्रीय अर्थसंकल्पात या योजनेसाठी २०२४-२५ मध्ये ६,९६८ कोटी आणि २०२५-२६ मध्ये ८,३१७ कोटी रुपये ठेवले गेले. परंतु खर्च तरतुदीच्या पुढे धावतो. औषधांचा तुटवडा आणि बिलांचा विलंब यांवर महालेखापरीक्षकांनी २०१५ च्या अहवालातच बोट ठेवले होते.

सर्वांत मोठा घाव मात्र तातडीच्या प्रसंगी बसतो. रात्री दोन वाजता छातीत कळ आली, तर माणूस मान्यताप्राप्त रुग्णालयांची यादी काढत बसत नाही. रिक्षा जिथे नेईल तिथे जातो. नियमही हेच सांगतो की जीव वाचवण्यासाठी कोणतेही रुग्णालय चालेल, फक्त ४८ तासांच्या आत पॉलिक्लिनिकला कळवावे. शिवकांत झा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये सीजीएचएसच्या पेन्शनरबाबत स्पष्ट केले की केवळ रुग्णालय यादीत नाही म्हणून दावा नाकारता येणार नाही. तरीही पैसे मिळतात ते सरकारी दरानेच. बिल तीन लाखांचे आणि मान्य दर दीड लाखाचा असे धरा. उरलेला दीड लाख केळीच्या पुढच्या पिकावर उचल घेऊन उभा राहतो, हे या भागातील शेतकऱ्याला समजावून सांगायला नको.

इथे एक कटू गोष्टही बोलतो. २०२२ मध्ये आलेल्या अग्निपथ योजनेतील जे तरुण चार वर्षांनी बाहेर पडतील, त्यांना पेन्शन नाही आणि ईसीएचएसही नाही. पहिल्या तुकडीची चार वर्षे भरत आली आहेत. सरकार आपल्या विचारांचे असले तरी हा प्रश्न आपणच विचारला पाहिजे, कारण ती मुले आपल्याच घरांतून गेली आहेत.

धोरण दिल्लीत ठरेल. भुसावळात काय करता येईल? घरातील प्रत्येक लाभार्थ्याचे कार्ड चालू आहे का, ते पाहा. सैनिकाच्या निधनानंतर पत्नीच्या नावाची नोंद बदलायची राहून जाते आणि ते नेमके रुग्णालयाच्या दारात कळते. मान्यताप्राप्त रुग्णालयाने अनामत मागितली तर ती देऊ नका. करारानुसार त्यांना ती मागता येत नाही. पॉलिक्लिनिकच्या प्रभारी अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करा. सत्तरीपुढच्यांना आयुष्मान कार्ड घेण्याचा आग्रह होतो आहे. ईसीएचएसच्या सभासदाला दोन्हींपैकी एकच निवडता येते. आयुष्मानला वर्षाला पाच लाखांची मर्यादा आहे आणि बाह्यरुग्ण औषधे त्यात नाहीत. सही करण्यापूर्वी मुलांशी बोला.

आणि कार्यकर्त्यांनो, आपण ७ डिसेंबरला ध्वजदिनाचा निधी गोळा करतो, ते करावेच. पण ४८ तासांचा तो निरोप पोहोचवणारा माणूस प्रत्येक वस्तीत असला, तर एखाद्या घराचे लाखभर रुपये वाचतील. पाठीमागच्या मेजावर एक वही ठेवली आहे. ज्यांच्याकडे वाहन आहे, ज्यांना ऑनलाइन अर्ज भरता येतो आणि जे रात्री फोन उचलतील, त्यांनी जाण्यापूर्वी त्यात आपले नाव, वस्ती आणि दूरध्वनी क्रमांक लिहावा.