साप चावल्यावर गोळ्यांची चौकशी कशाला?

शिराळ्यात सापाचं नाव निघालं की नागपंचमी आठवते. भातखाचरातला साप मात्र पंचांग बघून येत नाही. दंश झालेल्या माणसाला आधीची औषधं विचारणं अनेकांना वेळकाढूपणा वाटतो. पण घोणस किंवा फुरसं चावलं की रक्त गोठेनासं होतं. ते तपासायला स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत थोडं रक्त घेऊन 20 मिनिटं न हलवता ठेवतात, मग नळी तिरकी करून बघतात. रुग्ण रक्त पातळ ठेवणारी वॉरफॅरिनची गोळी घेत असेल, तर सापाचा काही संबंध नसतानाही त्याचं रक्त उशिरा गोठू शकतं. पुढे प्रतिविष. ते घोड्याच्या रक्तापासून बनतं, म्हणून कधी तीव्र ॲलर्जी येते आणि ॲड्रेनलिन द्यावं लागतं. रक्तदाबासाठी प्रोप्रॅनोलॉलसारखी गोळी चालू असेल, तर ॲड्रेनलिन अपुरं पडू शकतं. काचबिंदूचे टिमोलॉलचे थेंबही या गोळीच्याच जातीचे. पण थेंबांना औषधात धरतो कोण?

गडबडीत हे कधी विचारायचं, हा आक्षेप रास्त आहे. विषाची लक्षणं दिसत असतील तर प्रतिविष या चौकशीसाठी थांबत नाही. पण नळी ठेवलेली असते तेव्हा नातेवाईक दारातच असतात. चिठ्ठी आहे की, असंही म्हणतात. चिठ्ठीवर डॉक्टरांनी लिहिलेलं असतं, पोटात गेलेलं नव्हे. त्यामुळे गोळ्यांची पिशवीच मागवावी, शेवटची गोळी कधी घेतली ते विचारावं, आणि वाटेत झाडपाला दिला का, हेही. न रागावता विचारलं तरच खरं उत्तर मिळतं.