सैन्याच्या मैदानावर मैत्रीची नेमबाजी

अहिल्यानगर जिल्ह्याला सैन्य परके नाही. आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूल नगरला आहे, मेकॅनाइज्ड इन्फन्ट्रीचे रेजिमेंटल सेंटर नगरला आहे, आणि खारे कर्जुन्याच्या बाजूला रणगाड्यांच्या सरावाचे के. के. रेंज. तरीही नेवाशाच्या एखाद्या मुलाने वा मुलीने लांब पल्ल्याच्या रायफल नेमबाजीचा ध्यास घेतला, तर सरावाला जागा कुठे? दहा मीटरची एअर रायफल शाळेच्या सभागृहातही चालते. पन्नास मीटरची रेंज जिद्दीचा क्लब उभारू शकतो. स्वप्नील कुसळेने 1 ऑगस्ट 2024 रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये 451.4 गुणांसह कांस्यपदक मिळवले ते याच अंतरावर. तीनशे मीटरचे मात्र तसे नाही. त्याला सरळ मोकळी जमीन, मागे मातीचा उंच बांध आणि त्याच्याही मागे बराच निर्मनुष्य पट्टा लागतो. हा प्रकार 1972 च्या म्युनिक ऑलिंपिकनंतर ऑलिंपिकमधून गेला, पण जागतिक आणि राष्ट्रीय स्पर्धांत आजही आहे. आपल्याकडे अशी मैदाने मुख्यतः सैन्य आणि पोलीस दलांकडेच आहेत. म्हणून माझे म्हणणे असे, की वर्षातून एकदा सैन्याच्या रायफल रेंजवर जवान, माजी सैनिक आणि परवानाधारक नेमबाज यांची एक मैत्रीपूर्ण स्पर्धा भरावी, आणि ती भरवताना मैदान चालवण्याचे काम सर्वांनी वाटून घ्यावे.

या वाटून घेण्यावर माझा भर आहे, त्याचे कारण या खेळाच्या स्वरूपातच आहे. लांब पल्ल्यावर वारा हा खरा प्रतिस्पर्धी. ताशी पंधरा-सोळा किलोमीटरचा आडवा वारा असला, तर नेहमीच्या 7.62 मिलिमीटर गोळीला तीनशे मीटरवर तो वीतभर ढकलतो आणि नऊशे मीटरवर दोन मीटरहून अधिक. तीनशे मीटरच्या लक्ष्यावर दहा गुणांचे वर्तुळ अवघे दहा सेंटिमीटर व्यासाचे असते. म्हणजे नेम निर्दोष असूनही गोळी त्या वर्तुळाबाहेर पडू शकते. नेमबाजाला हे कळते कशाने? इलेक्ट्रॉनिक लक्ष्ये नसतील तिथे लक्ष्याखालच्या खंदकात, म्हणजे बटमध्ये, बसलेल्या मार्करमुळे. तो लक्ष्य खाली ओढतो, छिद्र शोधतो, तिथे खूण लावतो, लक्ष्य पुन्हा वर करतो आणि गुण दाखवतो. त्याने आळस केला की नेमबाज आंधळा. इकडे फायरिंग पॉइंटवर कुणी शिस्त मोडली, तर खंदकातल्या माणसाच्या जिवाशी गाठ. पहिल्या फेरीत निम्म्यांनी नेम धरावा, निम्म्यांनी बटमध्ये राबावे, दुसऱ्या फेरीत अदलाबदल करावी. सुभेदार असो, वकील असो, बागायतदार असो, पाळी कुणालाच चुकू नये. एकमेकांच्या हाती जीव आणि गुण दोन्ही सोपवल्यावर जी ओळख होते ती बक्षीस समारंभातल्या हस्तांदोलनाने होत नाही. एन.सी.सी.चे छात्र आखूड अंतरावर पॉइंट टू टू रायफल चालवतात. त्यांना इथे गुण टिपण्याचे आणि वारा वाचण्याचे शिक्षण मिळेल.

या कल्पनेवर पहिला आक्षेप गावांचा, आणि तो मला सर्वांत वजनदार वाटतो. नगर, पारनेर, राहुरी तालुक्यांतल्या शेतकऱ्यांनी के. के. रेंजपायी बरेच सोसले आहे. फील्ड फायरिंगविषयीच्या 1938 च्या कायद्याखाली अधिसूचना निघते, सरावाच्या दिवशी क्षेत्र रिकामे करावे लागते, आणि भूसंपादनाच्या चर्चेने गावांची झोप उडते. त्यांच्यावर खेळासाठी आणखी एक दिवसही लादता कामा नये. मात्र रणगाड्यांचे फील्ड फायरिंग रेंज वेगळे आणि बांध घातलेले रायफल रेंज वेगळे. स्पर्धा फक्त या दुसऱ्या जागी, आधीच मंजूर असलेल्या सरावाच्या दिवशीच घ्यावी. नवी इंचभर जमीन मागू नये. बांधावरून निसटलेली गोळी साडेतीन-चार किलोमीटरही जाऊ शकते, त्यामुळे मैदानावर अखेरचा शब्द सैन्याच्या रेंज ऑफिसरचाच राहिला पाहिजे. पाहुणा कितीही मोठा असो, लाल झेंडा खाली असेल तर गोळीबार बंद.

दुसरे लोक विचारतात, गावठी कट्ट्यांनी आधीच पोरे बिघडत असताना बंदुकीचे कौतुक कशाला? भीती खरी आहे. पण कट्ट्याचे आकर्षण दहशतीत आहे, आणि रेंजवर दहशतीला जागाच नसते. तिथे बोल्ट उघडा ठेवावा लागतो, नळी कायम लक्ष्याकडे, काडतुसे मोजून मिळतात आणि रिकाम्या पुंगळ्याही मोजून परत द्याव्या लागतात. स्वित्झर्लंडमध्ये दरवर्षी फेल्डशीसेन नावाचा नेमबाजीचा उत्सव होतो. गावोगावचे लाखाहून अधिक लोक त्यात भाग घेतात; तीनशे मीटरवर प्रत्येकी अठरा गोळ्या. त्या देशाची सैन्यव्यवस्था निराळी, तिची नक्कल आपण करू नये, पण शस्त्राभोवती सार्वजनिक शिस्त रुजवता येते एवढे त्यातून दिसते. आपल्याकडेही हा विचार नवा नाही. 1951 साली नॅशनल रायफल असोसिएशन ऑफ इंडिया स्थापन झाली तेव्हा तिचे पहिले अध्यक्ष होते गणेश वासुदेव मावळंकर, पुढे लोकसभेचे पहिले सभापती झालेले. संसदेच्या कामकाजाला वळण लावणाऱ्या माणसाला नागरिकांची नेमबाजी लोकशाहीशी विसंगत वाटली नाही, याचे मोल मला मोठे वाटते. राष्ट्रीय स्पर्धेची पात्रता फेरी त्यांच्याच नावाने भरत आली आहे.

राहिला सैन्याच्या वेळेचा आणि खर्चाचा प्रश्न. दारूगोळा सैन्याने देऊ नये. प्रत्येकाने परवान्यावरची आपली रायफल आणि आपली काडतुसे आणावीत. रुग्णवाहिका, डॉक्टर, लक्ष्यांचे कागद आणि जेवण यांचा भार प्रवेश शुल्कातून निघावा. सुरुवात तीनशे मीटरनेच करावी. सहाशे-नऊशेचा हव्यास पहिल्या वर्षी नको. तारीख जानेवारीतली घ्यावी, वेळ सकाळची, वारा चढण्याआधीची. नवख्यांना तेवढी सवलत हवीच. स्टेशन हेडक्वार्टर, जिल्हाधिकारी आणि पोलीस अधीक्षक अशा तिन्ही ठिकाणच्या परवानग्यांना महिने लागतील हे धरून, नेमबाजी संघटनेने आणि माजी सैनिकांच्या संघटनांनी मिळून पहिला अर्ज पावसाळ्याच्या तोंडालाच द्यावा. अर्जासोबत बटमधल्या पाळ्यांची यादीही जोडावी.