दोनवरून तीनवर जाताना



आजचा विषय ऐकायला रुक्ष आहे. चालू असलेली एखादी लायब्ररी भाषेच्या नव्या व्हर्जनवर नेली की टेस्ट धडाधड फेल होतात. त्यांचं करायचं काय? समोरच्या तरुण मंडळींपैकी बऱ्याच जणांचं पोट याच कामावर चालत असेल. इतरांसाठी एवढंच सांगतो, की लायब्ररी म्हणजे दुसऱ्यांनी आपापल्या प्रोग्रॅममध्ये वापरावा म्हणून लिहिलेला कोड, आणि टेस्ट म्हणजे ‘हे दिलं की हेच मिळालं पाहिजे’ असं पडताळून पाहणारा त्याच्या जोडीचा छोटा कोड.

उदाहरण पायथनचं घेतो, कारण एवढं लांबलेलं स्थलांतर दुसऱ्या कुठल्या लोकप्रिय भाषेच्या वाट्याला क्वचितच आलं असेल. पायथन ३.० आलं ३ डिसेंबर २००८ला. जुन्या कोडशी फारकत घेणारं व्हर्जन, असं सांगूनच ते आणलं होतं. तरी २०१०मध्ये २.७ काढावं लागलं. त्याला २०१५पर्यंत सांभाळायचं ठरलं होतं, ती मुदत पुढे २०२०पर्यंत वाढवली, आणि २.७.१८ हे शेवटचं व्हर्जन एप्रिल २०२०मध्ये आलं. मधल्या काळात अनेक लायब्रऱ्या दोन्ही व्हर्जनवर एकदमच चालवाव्या लागत. त्यासाठी ‘सिक्स’ नावाची एक मदतनीस लायब्ररी निघाली. सिक्सच का? तर दोन त्रिक सहा!

कामाला हात घालण्याआधी टेस्ट जुन्या व्हर्जनवर चालवून पाहा. हे सांगायची गरज नसावी, पण आहे. आधीच फेल होणाऱ्या दहा टेस्ट नव्या व्हर्जनच्या खात्यावर टाकून लोक दिवसचे दिवस घालवतात. मग नव्या व्हर्जनवर चालवा, आणि एकेक टेस्ट वरून खाली दुरुस्त करत बसू नका. एररची शेवटची ओळ बघून गठ्ठे करा. एक इम्पोर्ट अडला तर त्या फाइलमधली एकही टेस्ट सुरूच होत नाही. म्हणजे शेकडो टेस्ट एकाच कारणाने पडलेल्या असू शकतात. हे पहिले गठ्ठे बहुधा सोपे असतात: मॉड्यूलचं नाव बदललं, प्रिंटला कंस लागले. ‘टू-टू-थ्री’ नावाचं अवजार हे आपोआप बदलून द्यायचं. त्यात डोकं लागत नाही.

डोकं लागतं ते पुढे. पायथन २मध्ये सातला दोनने भागलं तर तीन यायचे. पायथन ३मध्ये साडेतीन येतात. एखाद्या यादीच्या मधोमध शोध घेणारं फंक्शन असतं. त्यात डावी आणि उजवी सीमा मिळवून दोनने भागलेलं असतं. नव्या व्हर्जनवर तक्रार येते, ‘यादीचा क्रमांक पूर्णांकच हवा.’ तक्रार येते यादी वाचणाऱ्या ओळीवर. चूक असते दोन ओळी वर, भागाकारात. कधी ती दोन फाइल पलीकडेही असते. घाईतला माणूस एरर जिथे दिसली तिथेच ‘इंट’ लावून मोकळा होतो. टेस्ट हिरवी! पण जुनं व्हर्जन उणे सातला दोनने भागून उणे चार द्यायचं, कारण ते खालच्या पूर्णांकाकडे जायचं. ‘इंट’ मात्र अपूर्णांक नुसता छाटतो आणि उणे तीन देतो. योग्य उपाय दुहेरी तिरक्या रेघेच्या भागाकाराचा. तो दोन्ही व्हर्जनमध्ये उणे चारच देतो. उणे आकड्याची टेस्ट कुणी लिहिलेली नसेल, तर हा फरक थेट गिऱ्हाइकाला सापडतो.

‘राउंड’ या फंक्शनचंही असंच. अडीचचं जुनं उत्तर तीन, नवं उत्तर दोन. बरोबर अर्ध्यावरची संख्या नवं व्हर्जन जवळच्या सम पूर्णांकाकडे नेतं. त्यामुळे दीडचेही दोन आणि अडीचचेही दोन. संख्याशास्त्राच्या दृष्टीने हे शहाणपणाचं आहे, कारण हजारो नोंदी नेहमी वरच ढकलल्या तर बेरीज फुगत जाते. पण लायब्ररी बिलं करत असेल तर कुठला नियम हवा हे भाषेने ठरवायचं नाही. इथे टेस्टमधला तीनचा दोन करून पुढे जाणारा माणूस टेस्ट दुरुस्त करत नाही, तो हिशेबाचा नियम बदलतो. तोही कुणाला न विचारता.

मला सर्वांत आवडणारं फेल्युअर सॉर्टिंगचं आहे. गुणांची यादी घ्या, आणि गैरहजर विद्यार्थ्याच्या जागी ‘नन’ ठेवलेलं, म्हणजे काहीच नाही. पायथन २ ही यादी बिनतक्रार लावून द्यायचं. नन सगळ्यांत लहान असं त्याने आपलं आपणच ठरवलेलं होतं. पायथन ३ सरळ नकार देतं: काहीच नाही आणि बेचाळीस यांची तुलना होत नाही. टेस्ट लाल झाली म्हणून आपण नव्या व्हर्जनवर चिडतो. वास्तविक गैरहजर मुलगा यादीत कुठे बसणार हा निर्णय कुणी कधी घेतलाच नव्हता, वर्षानुवर्षं. आता तो घ्यावा लागतो. नन म्हणजे शून्य धरून सुटका करून घेतली तर परीक्षेला न आलेला आणि येऊन शून्य मिळवलेला हे दोघे एकाच रांगेत येतात, आणि यावर पालक भांडायला आले तर ते बरोबरच आहेत.

मराठी लिहिणाऱ्यांना जवळचा भाग अक्षरांचा. ‘पुणे’ हा शब्द यूटीएफ-८मध्ये साठवला आणि पायथन २च्या साध्या स्ट्रिंगला लांबी विचारली, तर उत्तर बारा. पायथन ३ म्हणतं चार: प, उकार, ण, मात्रा. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं, आणि जुनी स्ट्रिंग बाइट मोजायची. तिथे इंग्रजी मजकुरात बाइट आणि अक्षरं यांची सरमिसळ खपून जायची. मराठी नाव आलं की प्रोग्रॅम कोसळायचा. टेस्टमधली सगळी नावं इंग्रजी, त्यामुळे टेस्ट हिरव्या. नवं व्हर्जन बाइट आणि अक्षरं वेगळी ठेवतं आणि मिसळली की एरर देतं.

पण नेहमी नाही, आणि माझी खरी धास्ती तिथे आहे. बाइट आणि स्ट्रिंग यांची बेरीज केली तर ओरड होते. ती सारखी आहेत का असं विचारलं तर पायथन ३ शांतपणे ‘नाही’ म्हणतं. ‘हे दोन वेगळे असले पाहिजेत’ अशी टेस्ट असेल तर ती आनंदाने पास होते. यासाठी ‘बी’ हा स्विच आहे; एकदा दिला तर इशारा, दोनदा दिला तर एरर. पोर्ट, म्हणजे हे स्थलांतर, चालू असताना तो दोनदाच द्यावा. ‘मॅप’ या फंक्शनची गंमत आणखी पुढची. पूर्वी मॅप यादी द्यायचं. आता एकदाच वाचता येणारा प्रवाह देतं. टेस्टमध्ये पहिल्या लूपने तो संपवला, की दुसरा लूप रिकामाच फिरतो, त्यातली पडताळणी एकदाही होत नाही, आणि टेस्ट पास! लाल टेस्ट निदान बोलते तरी. म्हणून पोर्ट झाल्यावर एकदा मुद्दाम कोड बिघडवून टेस्ट फेल होतात का ते पाहावं, असा माझा आग्रह असतो.

कधी पास, कधी फेल अशाही टेस्ट भेटतात. त्यांचं मूळ बहुधा डिक्शनरी किंवा सेटमधल्या नोंदींच्या क्रमात असतं. डिक्शनरी म्हणजे की दिली की तिच्या जोडीची नोंद काढून देणारा तक्ता. डिसेंबर २०११मध्ये बर्लिनच्या हॅकर परिषदेत दोन संशोधकांनी दाखवलं, की मुद्दाम निवडलेल्या कीज पाठवल्या तर डिक्शनरीतलं काम इतकं मंदावतं की सर्व्हर लोळण घेतो. त्यावर उपाय म्हणून २०१२च्या ३.३पासून स्ट्रिंगचं हॅश प्रत्येक वेळी यादृच्छिक झालं, आणि डिक्शनरीचा क्रमही त्याबरोबर बदलू लागला. पुढे ३.७ने घातलेला क्रम टिकवण्याची हमी दिली. सेटला ती अजून नाही. अशा वेळी ‘पायथनहॅशसीड’ हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल एका आकड्यावर बसवा, म्हणजे फेल्युअर हवं तेव्हा पुन्हा घडवता येतं. बिघाड सापडला की क्रमावर टेकलेली टेस्ट बदला. तिथे चूक टेस्टचीच असते.

शेवटी डेटाविषयी. पिकल केलेल्या, म्हणजे पायथनमधला डेटा जसाच्या तसा साठवलेल्या, फाइल टेस्टमध्ये नव्या व्हर्जननेच लिहिल्या आणि नव्यानेच वाचल्या, तर सगळं सुरळीत दिसतं. वापरणाऱ्याकडे मात्र पायथन २ने लिहिलेली फाइल असते. तिच्यातल्या साध्या स्ट्रिंगमध्ये मराठी नाव असलं, की पायथन ३ ते ॲस्की समजून वाचायला जातं आणि अडतं. वाचताना एन्कोडिंग आपण सांगावं लागतं. म्हणून जुनं व्हर्जन मशीनवरून काढण्याआधी त्याच्याच हातून दोनचार फाइल बनवून घ्या, एखाद्या फाइलमध्ये देवनागरी नाव घाला, आणि त्या टेस्टच्या फोल्डरमध्ये कायमच्या ठेवून द्या.