होडीवरची जेल बॅटरी
(मढ, मालाड येथील गटांच्या बैठकीतलं भाषण)

ताईंनो, होडी नाखव्याची म्हणतात, पण बॅटरीच्या कर्जाचा हप्ता आपणच भरतो ना? मग सोलर कंट्रोलरचा आकडाही आपल्याला कळायला हवा.

जेल बॅटरी सीलबंद. आतलं आम्ल दह्यासारखं थिजलेलं. जास्त व्होल्टेज गेलं की वायू होतो, जेलमध्ये पोकळ्या पडतात. साध्या बॅटरीसारखं वरून पाणी घालता येत नाही. गेलेली ताकद परत येत नाही.

१२ व्होल्टच्या जेलला साधारण १४.१–१४.२ व्होल्टपर्यंतच चार्जिंग, भरल्यावर १३.५–१३.८. साध्या बॅटरीचं सेटिंग १४.४च्या वर असतं, ते चालणार नाही. ‘इक्वलाइझ’ बंदच हवं. इंजिनाजवळ उष्णता असते, तिथे आकडा आणखी खाली लागतो.

कंट्रोलरवर ‘जेल’ लिहिलंय म्हणून गप्प बसू नका. बॅटरीच्या कागदावरचा आकडा मिस्त्रीला दाखवा आणि आपल्यासमोरच लावून घ्या.