पळून आलेल्या लेकीला काय वाढायचं?

पहाटे गावाबाहेरच्या रस्त्यावर पळणाऱ्या पोरी आता आपल्या रोजच्या पाहण्यातल्या झाल्यात. पोलीस भरतीला मुलींना ८०० आणि १०० मीटर धावायचं असतं, शिवाय ४ किलोचा गोळा फेकायचा. मैदानाचे ५० गुण. त्यासाठी लेकी घाम गाळतात, आणि घरी आल्यावर काय मिळतं? कपभर चहा, दोन बिस्किटं, मग झाडलोट नि पाणी भरणं. जेवण थेट अकरा-बाराला. घरात अंडं असलंच, तर ते भावाच्या ताटात. बायांनो, हे आपल्याच हातून होतंय.

पळताना, गोळा फेकताना स्नायूंचे बारीक धागे दुखावतात. ते भरून येताना स्नायू आधीपेक्षा बळकट होतो. पण त्याला प्रथिनं लागतात. विटाच नसतील तर गवंडी काय बांधणार? एरवी ५० किलो वजनाच्या मुलीला दिवसाला चाळीस-बेचाळीस ग्रॅम प्रथिनं पुरतात. रोज असा सराव करणारीला साठ ते ऐंशी लागतात.

आता हिशेब घरातल्या डब्यांचा. एका अंड्यात ६ ग्रॅम. मोठ्या मूठभर, म्हणजे ३० ग्रॅम शेंगदाण्यांत ७. पन्नास ग्रॅम फुटाण्यांत १०. पेलाभर दुधात सात-आठ. तीस ग्रॅम सोयाबीन वडीत तर १५, आणि ती स्वस्तही. पोरगी आली की आधी पाणी, मग तास-दोन तासांत दोन उकडलेली अंडी नि भाकरी द्या. अंडं चालत नसेल तर फुटाणे, गूळ-शेंगदाणे, दूध. भाकरी मात्र तोडू नका, खर्च झालेली ताकद तीच भरून काढते. अर्ध्या तासात खाल्लं नाही तर सगळं वाया, असं काही नसतं; दिवसभरात किती पोटात गेलं ते महत्त्वाचं.

कच्चं अंडं पिऊ देऊ नका. शिजवलेलं जास्त अंगी लागतं, कच्च्यानं पोट बिघडायची भीती. हजारो रुपयांच्या पावडरीच्या डब्याची गरज नाही. उपवासाच्या साबुदाण्यात प्रथिनं जवळजवळ नसतात, म्हणून त्या दिवशी दूध, दही, शेंगदाणे वाढवा. चहा जेवणानंतर तासाभरानं, कारण तो अन्नातलं लोह अंगी लागू देत नाही.

“पोरगी बाप्यासारखी दिसेल” असं काही सासवा म्हणतात. तसं होत नाही. बाईच्या शरीरात पुरुषी संप्रेरक फारच कमी असतं.

एक मात्र पाहा. पाळी दोन-तीन महिने आली नाही तर आरोग्य केंद्रात दाखवा. कमी खाऊन जास्त पळण्यानंही असं होतं. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर प्रथिनं वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारा.

आणि बचत गटाच्या पुढच्या बैठकीत फुटाणे, शेंगदाणे, सोयाबीन वडी एकत्र घाऊक आणायचं ठरवा. कुणाच्या घरात किती पोरी पळतात, ते लिहून आणा.