झाड उभे ठेवणारा रंग

परिषदेचे अध्यक्ष महोदय, दूरदूरहून आलेले वनस्पतिशास्त्राचे अभ्यासक, रंगारी, विणकर आणि पहिल्या रांगेत बसलेल्या, वनोपज गोळा करणाऱ्या माझ्या मायबहिणींनो,

धानाचा आणि तलावांचा म्हणून गोंदिया जिल्हा आपल्याला ठाऊक आहे. पण इथल्या बाजारात जंगलातला डिंक आणि लाखही पूर्वापार येत आली.

लाखेचेच पाहा. पळसाच्या कोवळ्या फांदीवर लाखेचा किडा रस शोषतो आणि अंगाभोवती राळेचे कवच बांधतो. ही लाख गाळून चपडा करण्याआधी धुतात, तेव्हा पाणी लालभडक होते. त्या पाण्यात रेशीम आणि लोकर सुंदर रंगते. 1856 साली लंडनमध्ये विल्यम पर्किनने कृत्रिम जांभळा शोधला. पुढे स्वस्त रंगांचा पूर आला आणि आपले लाल पाणी फेकण्याजोगे ठरले. फाल्गुनात याच पळसाखाली फुलांचा सडा पडतो. ती उकळून तुरटी लावलेल्या कापडाला पिवळा रंग चढतो. फुले वेचली म्हणून पळसाचे काही बिघडत नाही.

रंगाच्या कामी येणारे ऐन, हिरडा, बेहडा हे तिघे अर्जुन कुळातले. हिरड्याच्या फळातले टॅनिन सुताला तुरटी धरून ठेवायला लावते. लोखंडाची जोड मिळाली तर काळा रंग देते. ऐनाचा पाला खाऊन रेशमाची अळी कोसा विणते आणि तोच कोसा ऐनाच्या सालीने तपकिरी रंगवता येतो. हे नाते मला फार मोलाचे वाटते. तरीही उभ्या झाडाची साल सोलायला माझा विरोध आहे. कदंब कुळातल्या आल या झाडाचा लाल रंग तर मुळांत असतो. मुळे खणली की झाडच गेले. म्हणूनच पूर्वी आल शेतात मुद्दाम लावत.

2006 च्या वनहक्क कायद्याने लाख, कोसा यांसारख्या गौण वनोपजावर गोळा करणाऱ्यांची मालकी मान्य केली. पण माल कच्चाच विकला, तर रंगाची कमाई दुसऱ्याच गावाला जाते. रंगाच्या भट्ट्या गावातच पेटल्या पाहिजेत.

पण त्या भट्ट्यांपायी झाड मरता कामा नये. म्हणून अभ्यासकांना माझी विनंती आहे. इथे मांडाल त्या प्रत्येक कृतीत झाडाचे कूळ सांगा, कोणता भाग घेतला तेही सांगा: पडलेले फूल, पिकलेले फळ, की साल आणि मूळ? या बहिणी तेच आधी विचारणार आहेत.