हाडांचं खातं

(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी डॉक्टर नाही. आयुष्यभर बँकेत लोकांची खाती सांभाळली, एवढाच माझा अधिकार. पण पंचवीस वर्षांपूर्वी आपण इथे राहायला आलो तेव्हा बहुतेक जण चाळिशी-पन्नाशीत होतो, आज सत्तरीत आहोत. इमारतीच्या पिलरचं स्ट्रक्चरल ऑडिट आपण करतो, तसं अंगातल्या पिलरचंही व्हावं म्हणून हा विषय मी मागून घेतला.

मोठ्या माणसाच्या शरीरात २०६ हाडं असतात. त्यातली १०६ म्हणजे निम्म्याहून जास्त, फक्त दोन हात-पंजे आणि दोन पावलांत! सर्वांत लांब हाड मांडीचं, सर्वांत लहान कानातलं, तांदळाच्या दाण्याहूनही छोटं. हाड म्हणजे वाळकं लाकूड नव्हे. ते जिवंत असतं, त्यात रक्त खेळतं, जुनं झिजतं आणि नवं भरत राहतं.

आता माझ्या भाषेत सांगतो. शरीरातलं ९९ टक्के कॅल्शियम हाडांत आणि दातांत असतं. उरलेल्या थोड्यावर हृदय, स्नायू, नसा चालतात. तिथे कमी पडलं की शरीर हाडांच्या खात्यातून रक्कम काढतं, तुमची सही विचारत नाही. साधारण तिशीपर्यंत या खात्यात जमा जास्त होते, पुढे हळूहळू खर्च वाढतो. बायकांची पाळी थांबल्यावर तर तो एकदम वाढतो. हाड ठिसूळ झालेलं दुखत नाही, म्हणून कळतही नाही. कळतं ते पडल्यावर.

पडताना माणूस हात टेकतो, म्हणून मनगट मोडतं. कुशीवर पडला तर खुबा. खुबा मोडला की बहुधा पाय आखूड दिसतो, बाहेरच्या बाजूला वळतो, उभं राहता येत नाही. मुलांचं हाड मात्र ओल्या फांदीसारखं अर्धवट मोडून वाकतं, म्हणून 'हलवतोय ना, मग मोडलं नाही' असं समजू नका. खात्री एक्स-रेनेच होते.

तीन वर्षांपूर्वी आमची सौ. पावसाळ्यात जिन्यात घसरली. शेजारच्या वहिनींनी तिला धरून उठवायची घाई केली नाही. आधी हातातल्या बांगड्या उतरवल्या, कारण सूज चढली की त्या कापाव्या लागतात. मग वर्तमानपत्राची जाड घडी मनगटाखाली ठेवून ओढणीने बांधली. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, बांधलंय छान. सहा आठवडे प्लास्टर होतं, आज ती पोळ्या लाटते.

तेव्हा कोणी पडलं तर एवढं लक्षात ठेवा. ओढून उभं करू नका. तेल लावून चोळू नका. वाकडं झालेलं सरळ करायला जाऊ नका, आहे तसाच आधार द्या. जखमेतून हाड दिसत असेल तर स्वच्छ कापड झाका, आत ढकलू नका. चहा-पाणी देऊ नका, ऑपरेशनसाठी भूल द्यावी लागू शकते. मान किंवा पाठ दुखत असेल तर अजिबात हलवू नका. १०८ ला फोन करा.

आणि खात्यात भरणा चालू ठेवा. दूध, ताक, तीळ आहेतच; नाचणीत तर शंभर ग्रॅममागे साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. कोवळं ऊन घ्या, रोज चाला, तंबाखू सोडा, तिने मोडलेलं हाड जुळायला उशीर लागतो. गोळ्या मात्र डॉक्टरांना विचारूनच.

शेवटी एक विनंती. आपल्या जिन्याला रेलिंग एकाच बाजूला आहे. ज्याचा तो हात दुबळा, त्याला उतरताना आधारच नाही. दुसऱ्या बाजूलाही रेलिंग, प्रत्येक वळणावर दिवा आणि पायऱ्यांच्या कडेला खरखरीत पट्टी, एवढं दुरुस्ती निधीतून व्हावं. येत्या सर्वसाधारण सभेत मी तसा ठराव मांडणार आहे, अनुमोदनाला हात वर करा. बाथरूममधला दांडा मात्र ज्याने त्याने आपल्या घरी बसवायचा. त्याचा खर्च खुब्याच्या ऑपरेशनपुढे काहीच नाही, हा हिशोब मी बँकेतला माणूस म्हणून खात्रीने सांगतो.